निवाऱ्याचं मागचं दार

माणसाला स्वतःचा शोध घ्यायचा असेल तर तो घरापासून लांब, गैरसोयीच्या जागी आणि वाईट हवेत घ्यावा, याविषयी जाणकारांत आता दुमत राहिलेलं नाही. घरात माणूस सापडत नाही असं नाही. पण घरात सापडलेल्या माणसाचा कोणी सत्कार करत नाही. म्हणून भर हिवाळ्यात, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, बर्फातून महिनोन्‌महिने चालायची जी लांब पल्ल्याची डोंगरवाट आहे, तिच्यावर दरवर्षी चांगली शिकलीसवरलेली माणसं निघतात. (न शिकलेली माणसं बर्फ पडला की दार लावून घेतात. त्यांना मार्गदर्शनाची गरज आहे.)

ही वाट पूर्ण करून आलेल्यांची व्याख्यानं फार उद्बोधक असतात. पहिल्या तीन दिवसांचा त्यांत इतका तपशील असतो की ऐकणाऱ्याच्या पायाला फोड यावेत. चौथ्या दिवसापासून थेट वसंतापर्यंत मात्र सगळ्यांना एकच अनुभव येतो: तो शब्दांत सांगता येत नाही. एवढं एकमत विज्ञानातसुद्धा आढळत नाही.

मापसाहेब निघाले त्याचं कारण जरा घरगुती होतं. मापसाहेब म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. बाजारात त्यांना याच नावाने ओळखत. उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला घर तेवढं उरलं. मिठाचा चमचा सपाट की शिगोशीग, दुधाचं माप काठोकाठ की बोटभर कमी, साबणाची वडी कुठल्या वेगाने झिजते आहे, सगळ्यावर त्यांची नजर. पत्नीने वर्षभर सोसलं. मग एका दुपारी तिने फोनवर बहिणीला सांगितलं, "अगं, हे दिवसभर घरातच असतात. फार जड जातं गं." मापसाहेब दाराआड उभे होते. (ते ऐकत नव्हते; बिजागरी तपासत होते.)

दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता. मापसाहेबांनी खात्याच्या शिस्तीने विचार केला. तक्रार वजनाची आहे, सबब वजन जागेवरून हलवलं पाहिजे. आपण अख्खा हिवाळा घरात नसलो म्हणजे तिला आपली उणीव भासेल. आणि नाही भासली तर? या प्रश्नापाशी आले की ते तिथूनच मागे फिरत आणि सॅकच्या पट्ट्या तपासत.

वाटेची माहिती खालच्या मजल्यावरच्या प्राचार्यांकडून मिळाली. हे निवृत्त गृहस्थ गेल्या हिवाळ्यात तीच वाट करून आले होते. इमारतीच्या सत्कार समितीने त्यांचा सत्कार केला होता, आणि त्या समितीचे अध्यक्ष तेच असल्यामुळे कार्यक्रमात कुठे ढिलाई झाली नव्हती. मापसाहेबांचा बेत ऐकून त्यांनी पाठ थोपटली आणि एकच सूचना केली, "घराची किल्ली मात्र बरोबर असू द्या हं." वाट सुरू व्हायच्या आधीच परतीचा विचार! मापसाहेबांना हे कच्च्या मनाचं लक्षण वाटलं, पण अध्यक्षांना तोंडावर कसं बोलणार.

लांब पल्ल्याच्या चालण्याचं सगळं शास्त्र ओझं हलकं करण्यावर उभं आहे. जे शास्त्र दुसऱ्याला पुस्तकातून शिकावं लागतं ते मापसाहेबांच्या हाडातच होतं. त्यांनी टूथब्रशचा दांडा कापला. कपड्यांची लेबलं उसवली. काडेपेटीतल्या काड्यांची शेपटं छाटली, कारण पेटतं ते डोकं. नकाशातून वाट तेवढी कापून घेऊन बाकीचा मुलूख घरी ठेवला. मोज्यांचा दुसरा जोड बाद झाला. हातमोजे दोन असतात हे खरं, पण एक हात खिशात राहू शकतो, तेव्हा हातमोजा एक. किल्ली अर्थातच बाद. वसंतात परत येऊ तेव्हा दार उघडायला घरात कोणीतरी असेलच.

"अहो, नखंही कापून घ्या," पत्नी म्हणाली.

सूचना तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होती. त्यांनी कापून घेतली.

आता सॅक हलकी झाली हे सिद्ध कशावरून? वजनावरून. म्हणून रोज संध्याकाळी वजन करायला एक काटा बरोबर घेणं आलं. पण ज्या काट्याची पडताळणी झालेली नाही तो वापरणं म्हणजे मापसाहेबांच्या लेखी उघड लबाडी. तेव्हा काट्याच्या पडताळणीसाठी पितळी प्रमाणित वजनांची पेटी सोबत घेणं क्रमप्राप्त होतं. अशा रीतीने ग्रॅमाग्रॅमाने हलकी केलेली सॅक मापसाहेबांना एकट्याने उचलेना. प्राचार्य आणि पत्नी यांनी दोन बाजूंनी धरून ती त्यांच्या पाठीवर चढवली.

फाटकापाशी समितीने निरोप दिला. "वसंतात याच फाटकात आपण यांचं स्वागत करू," असं प्राचार्यांनी जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. म्हणजे त्याआधी तोंड दाखवायची सोय उरली नाही. पत्नी एवढंच म्हणाली, "सांभाळून जा. मोजे ओले झाले की लगेच बदला." दुसरा जोड कपाटात आहे हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

पहिल्या दिवशी बस डोंगराच्या पायथ्याशी उतरवून गेली आणि मापसाहेब निसर्गाच्या कुशीत शिरले. निसर्गाने त्यांना चढावरच्या पहिल्याच वळणावर आडवं केलं. सॅकसकट पाठीवर पडलेला माणूस उलट्या कासवासारखा असतो. हातपाय सगळे चालू, प्रगती नाही. पट्टे सोडवून ते उठले, तोवर मोजे ओले झाले होते. संध्याकाळी तंबू लावून स्टोव्ह पेटवायला घेतला, तर काड्या इतक्या आखूड की स्टोव्हच्या आधी बोट पेटायचं. सूप गारच प्यायले. ब्रश तोंडात गेला तो दांडा नसल्यामुळे बाहेर यायला तयार होईना. तरीही नियमाप्रमाणे त्यांनी काट्याची पडताळणी केली, सॅक टांगली आणि वजन पाहिलं. काटा बरोबर होता, एवढं समाधान मिळालं.

दुसऱ्या दिवशी बर्फ गुडघ्याला लागला. हातमोजा या हातातून त्या हातात आणि तो हात या खिशातून त्या खिशात, यातच निम्मा दिवस गेला. स्वतःचा शोध मात्र लागला. तो असा: आपण अंधाराला भितो, आपल्याला थंडी सोसत नाही, आणि बायकोची इतकी आठवण येते की रडू फुटतं. (हे तिन्ही शोध त्यांच्या पत्नीला लग्नापासून माहीत होते, पण तिने ते घरबसल्या लावले असल्याने त्यांची कुठे नोंद नाही.)

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला निवारा आला. दगडी घर, दर्शनी दाराला पितळी घंटा, आणि समोर फोटो काढण्यासाठी बर्फ नीट सारखा करून ठेवलेला. आत शेगडी धगधगत होती. निवाऱ्याची राखणदार बाई चहा गाळता गाळताच म्हणाली, "या साहेब. घंटा वाजवा, फोटो काढा, मग काय टाकायचंय ते त्या खोलीत टाका."

त्या खोलीत पूर्वीच्या यात्रिकांनी सोडून दिलेल्या वस्तू होत्या: दोन गिटारी, घडीची खुर्ची, जाडजूड चरित्रग्रंथ, कोणाची तरी कपड्यांची इस्त्री. बाईच्या पायातले बूट, अंगातलं जाकीट आणि खांद्यावरची शाल याच त्यागातून आली होती. दुसऱ्याच्या आत्मशोधावर एवढं ऊबदार घर चालतं, हे पाहून मापसाहेबांना भरून आलं.

शेगडीपाशी आणखी एक बाई लोकर विणत बसली होती.

"ही माझी जाऊ," राखणदार म्हणाली. "पुढच्या निवाऱ्याची राखणदार."

"मग त्या इथे कशा?"

"तिकडे बसून काय करू?" जाऊच म्हणाली. "तीन हिवाळे झाले, कोणी फिरकलं नाही. एकटीला भीती वाटते हो."

मापसाहेब अखेर निरीक्षक होते. त्यांनी उठून पाहणी केली. पुढे खिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर बर्फ कोरा होता, एक पाऊल उमटलेलं नव्हतं. मागच्या दारातून मात्र खालच्या हमरस्त्यापर्यंत तुडवून तुडवून चिखल झालेली पायवाट होती, दोन माणसं गप्पा मारत उतरतील एवढी रुंद. खाली बसथांबा दिसत होता.

"इतकी माणसं इथूनच परत जातात?"

"परत नाही जात, वाट पूर्ण करून जातात," राखणदार बाईने त्यांची चूक सुधारली.

फोनला रेंज फक्त मागच्या दारात येत होती. त्यांनी घरी फोन लावला. पलीकडे घंटा बराच वेळ वाजत राहिली.

"कुठवर पोचलात?"

"आहे वाटेवरच. तू कशी आहेस?"

"बरी आहे. काल दूधवाल्याने दूध कमी घातलं असं वाटतंय. पण सांगणार कोण? घरात काटा नाही, तुम्ही नाही."

मापसाहेबांनी दाराची चौकट धरली. "तू बहिणीला म्हणाली होतीस, मी घरात असलो की जड जातं."

"म्हणाले होते. जातच होतं. आता तुम्ही नाही तर त्याहून जड जातंय, काय करू सांगा? घरी या."

"पण समिती? प्राचार्यांनी जाहीर केलंय, वसंतात म्हणून."

"मागच्या जिन्याने या. दुपारी सगळे झोपलेले असतात. दार नुसतं लोटून ठेवते," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात प्राचार्य असेच आले होते. मला वाटलं होतं तुम्ही परवाच याल."

मापसाहेबांनी सॅक रिकामी केली. पितळी वजनांची पेटी मागच्या दाराला टेकू म्हणून ठेवली, म्हणजे ते वाऱ्याने बंद होऊन कोणाची अडचण व्हायला नको. निवाऱ्याला प्रमाणित टेकू प्रथमच लाभला.

तो हिवाळा मापसाहेबांनी वाटेवर, म्हणजे स्वतःच्या घरी, ओढलेल्या पडद्यांआड काढला. ते अनवाणी चालत, कुजबुजत बोलत, शिंक आली तर उशीत तोंड खुपसत. मीठ जास्त झालं तर ते नुसत्या भुवया उंचावत आणि पत्नी तिकडे बघतच नसे. दोघांचं इतकं छान कधीच जमलं नव्हतं. बाहेर कोणी चौकशी केली की ती सांगायची, "आज खिंड ओलांडली म्हणे," आणि मागे वळून दार लावून घ्यायची. एकदा मापसाहेबांचा पाय स्टुलाला लागून ते धाडकन पडलं, तर खालच्या मजल्यावर प्राचार्यांनी ताबडतोब रेडिओ मोठा केला. ही सहृदयता अनुभवाशिवाय येत नाही.

वसंतात मापसाहेब मागच्या जिन्याने उतरून पुढच्या फाटकाने आत आले. दाढी छातीपर्यंत आली होती, वजन थोडं वाढलं होतं. (थंडीत हाडं पाणी धरतात, असा खुलासा प्राचार्यांनी केला.) पुष्पगुच्छ झाला, व्याख्यान झालं. कासव, आखूड काड्या, एकटा हातमोजा, सगळं त्यांनी खरं खरं सांगितलं. मग कोणीतरी विचारलं, "आणि पुढे?" मापसाहेबांनी पहिल्या रांगेतल्या पत्नीकडे पाहिलं.

"पुढचं शब्दांत सांगता येत नाही," ते म्हणाले. प्राचार्यांनी सगळ्यांच्या आधी डोळे पुसले, आणि सभागृहातल्या तिघांनी पुढच्या हिवाळ्यासाठी जागच्या जागी नावं दिली.

इथवर वाचताना तुम्ही मापसाहेबांना पोटभर हसला असाल. हसा, त्यासाठीच लिहिलं आहे. फक्त 'आठवडाभर बाहेरगावी आहोत, फोन लागणार नाही' असं परवा सगळ्यांना सांगून निघालेले तुम्ही, आज भर दुपारी, पडदे ओढून, पायांवर पांघरूण घेऊन हे वाचताय, एवढं ध्यानात असू द्या. हसायचं तर जरा हळू. खाली ऐकू जातं.