नाईक काटकरांची पाठमोरी लढाई

एका जंगलात, मुलांनो, लढाई संपून गेली होती आणि सैनिक मात्र उरले होते.

लढाई कशावरून झाली म्हणता? ओढ्यातले बेडूक कुणाचे, अलीकडच्या जंगलाचे की पलीकडच्या, यावरून. बेडकांना कुणी विचारलं नाही. लढाईची धूळ खाली बसेपर्यंत बेडूक दुसऱ्या ओढ्याला निघूनही गेले होते. मग दोन्ही जंगलांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं आणि आपापल्या सैनिकांना घरी पाठवलं.

घरी सैनिकाचं काय काम असतं? थोडे दिवस कौतुक होतं. मग एके सकाळी बायको म्हणते, "अहो, जरा बाहेर जाऊन बसा बघू, मला झाडून घ्यायचंय." अशी बाहेर बसलेली मंडळी एका मोठ्या जांभळीखाली जमू लागली. जमली तर जमली, त्यांनी झाडाला फळीच ठोकली : 'ओढाकाठ माजी सैनिक संघ'. फळी आली की अध्यक्ष आला. अध्यक्षाच्या मागोमाग उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, सल्लागार आणि मार्गदर्शक आले. होता होता सगळेच पदाधिकारी झाले आणि साधे सभासद म्हणून एकटे नाईक काटकर उरले.

नाईक काटकर म्हणजे साळिंदर. बुटका, गोल, बोलायला मऊ. त्यांच्या पाठीवरच्या काट्यांमुळे शेजारी कुणी बसत नसे, पण त्यांच्यावर राग असा कुणाचाच नव्हता. उलट गवती चहा उकळला की अध्यक्ष स्वतः ओरडत, "अरे, काटकरांना आधी द्या, त्यांना थंड चालत नाही!" अध्यक्ष म्हणजे सुभेदार गवारे. गवा. उपाध्यक्ष हवालदार डुकरे. ते कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

संघ मोठा मायेचा होता हो. कुणाच्या बिळात पाणी शिरलं तर सगळे खणायला जात. कुणाच्या पायात काटा गेला तर काटा काढायला एक आणि धीर द्यायला सगळे, असे जात. रोज पहाटे संघाचा पोपट प्रत्येकाच्या दारात येऊन 'सुप्रभात' म्हणून जाई. मग तेच 'सुप्रभात' पुढे पाठवायला प्रत्येकाने आपापला पोपट ठेवला. त्यानंतर सकाळी जंगलात कुणालाच झोप येईना, पण हे बोलून कोण दाखवणार?

बैठकीची सुरुवात हजेरीने होई. जे वारले होते त्यांचीही नावं घेतली जात, आणि त्यांच्यासाठी सगळे मिळून ओरडत, "हजर!" तेवढ्यापुरतं जांभळीखाली कुणी हसत नसे.

हजेरी झाली की पराक्रम सांगायचे. त्याचा एक नियम होता. सांगणाऱ्याचं सांगून झालं की मंडळींतून कुणीतरी उभं राहून म्हणायचं, "मी पाहिलं!" म्हणजे पराक्रम पक्का झाला. कुणी उभं राहिलं नाही, तर तो पराक्रम पुन्हा सांगायचा नाही.

सुभेदार गवारे सांगत, "धूळ अशी उडाली, अशी उडाली, की मला माझी शिंगं दिसेनात! त्या धुळीत मी एकट्यानं शत्रूची फळी फोडली."

"मी पाहिलं!" हवालदार डुकरे उभे राहत.

मग हवालदार डुकरे सांगत, "मी त्या वेळी टेकाडाच्या पार मागच्या बाजूला होतो. तिथं तीन लांडगे लोळवले."

"मी पाहिलं!" सुभेदार गवारे उभे राहत.

सगळे "शाबास!" म्हणत आणि चहाची दुसरी फेरी होई.

आता आपले काटकर. त्यांनी आपला पराक्रम एकदाच सांगितला होता, अगदी पहिल्या बैठकीत.

"मी उतारावर पहाऱ्याला होतो," ते म्हणाले. उतार म्हणजे ओढ्याचं पाणी जिथं उथळ असतं आणि पायी पलीकडे जाता येतं, ती जागा. "एकटाच होतो. समोरून बिबट्या आला. मी लगेच त्याच्याकडे पाठ केली आणि..."

सुभेदारांनी चहाचा द्रोण खाली ठेवला.

"पाठ?" ते म्हणाले. "शत्रूकडे?"

"हो साहेब. साळिंदर पाठीनंच लढतं. काटे पिंजारायचे, खुळखुळवायचे आणि उलट्या पावली शत्रूवर चालून जायचं. मी तसाच..."

"काटकर," सुभेदार हळू आवाजात म्हणाले, "सैनिकानं शत्रूला पाठ दाखवायची नसते. पहिल्या दिवशी शिकवतात हे. बसा खाली."

कुणी उभं राहिलं नाही. काटकर बसले. त्या दिवसापासून ते दुसऱ्यांचे पराक्रम ऐकत, योग्य जागी "शाबास!" म्हणत, आणि घरी जाताना वाटेत एकटेच काटे खुळखुळवत.

मंडळींनाही ते बघवत नव्हतं. एकदा डुकरे त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "काटकर, आपण दोस्त माणसं. मी उभा राहतो ना तुझ्यासाठी! फक्त एवढं बदल. पाठीच्या जागी छाती म्हण."

"पण हवालदार, समोरून माझ्याकडे आहे काय? एक नाक."

"मग नाकानं लढलो म्हण. कोण बघायला आलंय?"

"तेच तर," काटकर म्हणाले. "कुणी बघायलाच नव्हतं. म्हणून तरी खरं सांगावं म्हणतो."

डुकऱ्यांनी डोक्याला हात लावला. असल्या हट्टी दोस्ताचं करायचं काय, सांगा बरं.

पुढे काय झालं, जंगलाला नवे महाराज मिळाले. लढाई झाली तेव्हा हे महाराज आईच्या पोटाशी दूध पीत होते, त्यामुळे त्यांना लढाईची फार आवड. संघाच्या वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून यायचं त्यांनी कबूल केलं आणि निरोप धाडला : एका खऱ्या वीराला आम्ही शाल-श्रीफळ देऊ. मात्र साक्षीदार संघाबाहेरचा हवा. संघातले लोक एकमेकांचं जरा जास्तच पाहतात, असं आमच्या कानावर आलं आहे.

जांभळीखाली हलकल्लोळ झाला. बाहेरचा साक्षीदार आणायचा कुठून? सुभेदारांना आठवेना, डुकऱ्यांना आठवेना.

काटकर घरी आले आणि कोपऱ्यात तोंड घालून बसले. काटकरीणबाई कंद सोलत होत्या.

"आता काय झालं?"

"बाहेरचा साक्षीदार मागितलाय. मला शाल नको गं. पण एकदा, मरायच्या आधी एकदा, कुणीतरी उभं राहून 'मी पाहिलं' म्हणावं, एवढंच वाटतं. पण उतारावर दुसरं होतं कोण?"

काटकरीणबाईंनी सुरी खाली ठेवली. "अहो, असं काय करता? काटे ज्याच्या नाकात घुसले तो होता की! त्यालाच विचारा."

मुलांनो, इतकी वर्षं संघात काढूनही हे काटकरांना सुचलं नव्हतं. शत्रूला कुणी साक्षीला बोलावतं का?

दुसऱ्या दिवशी ते उतारावरून ओढा ओलांडून पलीकडे गेले. भीती वाटत होतीच. पण थोडं आत गेले आणि थबकले. समोर एक मोठं मोहाचं झाड होतं. झाडाला फळी होती : 'पैलतीर माजी सैनिक संघ'. खाली तसाच चहा उकळत होता. तशीच हजेरी चालली होती. गेलेल्यांची नावं आली तेव्हा सगळे तसेच ओरडले, "हजर!" काटकरांच्या नकळत त्यांच्याही तोंडून "हजर" निघून गेलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. मागच्या रांगेत एकटाच बसलेला एक म्हातारा बिबट्या हळूहळू उठला. त्याचं नाक एका बाजूला सुजून तिथंच राहिलेलं होतं.

"उतारावरचे आपणच का?" त्यानं विचारलं.

"हो," काटकर म्हणाले. "आपण?"

"जमादार ठिपके. या, या! किती वर्षं वाट पाहायला लावलीत!" आणि जमादारांनी त्यांना मिठी मारायला हात पसरले, पण काटे आठवले म्हणून नुसता नमस्कार केला.

त्याचं असं होतं. पलीकडेही तोच नियम होता. जमादारांनी सांगितलं होतं, की मी उतारावरून माघारी फिरलो, कारण समोर भाल्यांची अख्खी पलटण होती. ऐकून सगळे हसले होते. म्हणाले, पलटण कसली, साळिंदर असेल. कुणी उभं राहिलं नव्हतं. तेव्हापासून जमादार मागच्या रांगेत.

"तुम्ही माझ्यासाठी या, मी तुमच्यासाठी येतो," काटकर म्हणाले.

"ठरलं. पण नाईकसाहेब, एक अडचण आहे. तुमच्याकडे तुम्हाला एकटं असायला हवं, आणि माझ्याकडे पलटण असायला हवी."

काटकर विचारात पडले. खोटं त्यांना जमत नसे. मग ते म्हणाले, "मी काटे खुळखुळवले की आवाज पलटणीएवढा होतो. एवढं मी शपथेवर सांगेन. चालेल?"

जमादारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पळेल," ते म्हणाले.

वर्धापनदिन उजाडला. जांभळीला पताका लागल्या. महाराज उंच दगडावर बसले. सुभेदारांनी प्रास्ताविक केलं, मग डुकऱ्यांनी प्रास्ताविकाबद्दल आभार मानले. सुभेदार पुन्हा उठून म्हणाले, "या संघातला एकही सैनिक शत्रूला पाठ दाखवणार नाही, याची मी महाराजांना..."

नेमके तेवढ्यात झुडपातून जमादार ठिपके बाहेर आले. बिचारे काठी टेकत, पाहुणा रिकाम्या हाती कसा जाणार म्हणून मोहाच्या फुलांचा द्रोण घेऊन आले होते. पण द्रोण कुणी पाहिला नाही. बिबट्या तेवढा दिसला.

मग काय विचारता! सुभेदार गवारे जवळच्या टेकडीच्या दिशेनं सुटले ते चहाच्या भांड्यासकट. हवालदार डुकरे त्यांच्या पुढे होते. चिटणीस, सहचिटणीस, सल्लागार, मार्गदर्शक, सगळे टेकडीवर. मार्गदर्शक तर सगळ्यांत आधी पोचले. महाराजांनाही अचानक टेकडीची पाहणी करावीशी वाटली.

जांभळीखाली एकटे काटकर उरले. धांदलीत तेही दचकले होते, आणि दचकलं की साळिंदर जे करतं ते त्यांनी केलं. ठिपक्यांकडे पाठ करून, काटे पिंजारून, टेकडीकडे तोंड करून ते घट्ट उभे राहिले.

"अगदी असेच!" जमादार आनंदानं ओरडले. "तेव्हाही अगदी असेच उभे होते! हाच आवाज! मी पाहिलं हो, मी पाहिलं!"

काटकरांचे काटे हळूहळू मिटले. ते तिथंच मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. इतकी वर्षं ज्या दोन शब्दांची वाट पाहिली, ते कानांत असे पडले.

खालून किंकाळ्या येत नाहीत असं पाहून मंडळी एकेक करून टेकडीवरून उतरली. जमादारांनी महाराजांसमोर नाकावरची सूज दाखवली आणि साक्ष दिली. शाल काटकरांच्या काट्यांत अडकून फाटली, पण ती काढू द्यायला ते तयार होईनात. मोहाची फुलं सगळ्यांनी खाल्ली. थोड्या वेळानं महाराजसुद्धा जमादारांना 'काका' म्हणू लागले.

ठरल्याप्रमाणे काटकर मोहाखाली जाऊन पलटणीच्या आवाजाची साक्ष देऊन आले आणि जमादार पुढच्या रांगेत आले.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. नाही संपली.

पुढच्या बैठकीत जांभळीखाली कुणी कुणाकडे पाहीना. हजेरी झाली. पराक्रम सांगायची वेळ झाली. शेवटी सुभेदार गवारे उठले. त्यांनी घसा साफ केला, पुन्हा साफ केला.

"परवा," ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "परवा शत्रू अचानक चालून आला. तेव्हा मी विचार केला, की उंचावरचा मोर्चा धरायला हवा. म्हणून मी... म्हणजे आम्ही... त्वरेनं टेकडी काबीज केली."

त्यांनी सवयीनं डुकऱ्यांकडे पाहिलं. डुकरे उठेनात. उठणार कसे? ते पुढे होते आणि त्यांनी मागे वळून पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. सुभेदारांचा एवढा मोठा देह, पण उभ्या उभ्या लहान होत चालला. नियम म्हणजे नियम. आता हे पुन्हा कधी सांगता येणार नव्हतं, आणि न सांगता पुढे बसणं तर त्याहून कठीण होतं.

साऱ्या संघात त्या वेळी टेकडीकडे तोंड करून असा एकच सैनिक उभा होता. कोण कसं धावलं, कुणाचं शेपूट कुठं होतं, चहाचं भांडं कुणाच्या शिंगात होतं, सगळं त्यानं अगदी स्वच्छ पाहिलं होतं.

मागच्या रांगेतून नाईक काटकर उभे राहिले. फाटकी शाल त्यांनी नीट केली.

"मी पाहिलं!" ते म्हणाले. आणि दुसरं काहीएक बोलले नाहीत.

"शाबास!" सगळा संघ ओरडला. सुभेदारांनी नाक पुसत हाक मारली, "अरे, काटकरांना आधी चहा द्या!"

तात्पर्य : मुलांनो, पराक्रम खरा असेल तर त्याच्या साक्षीला एखादा चांगला शत्रू पुरतो. बाकी सगळ्यासाठी मित्र लागतात. तेव्हा शत्रू एखादाच करा, पण मित्र भरपूर जोडा.