वात्सुला मास्तरांचं पार्ते

वात्सुला मास्तर वारल्याची बातमी खुद्द मास्तरांना कळली ती गुरुवारी सकाळी साडेदहाला, बायको खाटकाकडून परत आली तेव्हा.

क्वेताबाईंनी पिशवी ओट्यावर आपटली. "बोहुश, तू ओंद्रा खाटकाच्या खिडकीत लटकतोयस. काळ्या चौकटीत. सॉसेजांच्या वर."

"काहीतरीच काय!"

"मग काय मी स्वप्न बघून आले? ओंद्रा माझ्या गळ्यात पडून रडला. डुकराचं सगळ्यात चांगलं मांस बांधून दिलं, पैसे घेईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने चरबी काढून मांस दिलंय." बाईंनी दम घेतला. "मेलास तो मेलास, पण खाली काय लिहिलंय? 'शोकाकुल विद्यार्थी'! आणि बायको कुठाय? चाळीस वर्षं तुझे मोजे धुतले, मला साधा शोकही करू देणार नाहीस?"

"अगं, तो नमुना होता!"

नमुना कशाचा, ते सांगायला हवं. मास्तरांनी आमच्या शाळेत सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एकतीस वर्षं एकच कोश लिहिला, दगाबाज शब्दांचा. म्हणजे आमच्या चेक भाषेत आणि इंग्रजीत सख्ख्या भावांसारखे दिसणारे आणि ऐन वेळी तोंडघशी पाडणारे शब्द. आमचा 'होस्ट' म्हणजे पाहुणा, इंग्रजांचा यजमान. आमचं 'पार्ते' म्हणजे कुणी गेलं की चौकात लागणारा काळ्या चौकटीचा कागद, आणि इंग्रजांची 'पार्टी' काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. प्रत्येक शब्दाला खराखुरा दाखला हवा, हा मास्तरांचा हट्ट. दुसऱ्या कुणाचं पार्ते छापावं तर घरचे अंगावर येणार. बनावट नाव घालावं तर कोशात खोटं शिरणार. म्हणून त्यांनी स्वतःचंच लिहिलं, तारखेसकट, आणि अंत्यविधीच्या दुकानात एक प्रत छापायला टाकली.

दुकानाच्या शिमून्कोवाबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बरीच म्हातारी माणसं आपलं पार्ते आधीच लिहून ठेवतात, नाहीतर सुना भलतीच कविता घालतात. बाईंनी कागद छापून टेबलावर ठेवला आणि त्या बहिणीकडे निघून गेल्या. गावभर पार्ते लावण्याचं काम त्यांच्या नवऱ्याचं. मास्तरांनी त्याला फोन लावला.

"शिमूनेक, वात्सुलाचं पार्ते तुम्ही लावलंत?"

"लावलं की. बसथांब्यावर, चर्चपाशी, खाटकाकडे. एकच छापलं होतं, मी आणखी दोन काढली. कोण बोलतंय?"

"वात्सुला."

"वाकडं लागलंय का कुठे?"

"अहो, मी जिवंत आहे! लावण्याआधी वाचत नाही का तुम्ही?"

"मास्तर, एकवीस वर्षं हे काम करतोय. वाचत बसलो तर रोज रडावं लागेल. मी चौकट बघतो. काळी असली की लावतो."

मास्तर कोट चढवून कागद फाडायला निघाले तोच दारावरची घंटा वाजली. क्वेताबाईंनी पडद्याआडून पाहिलं. "ह्लादीक आलाय, फुलं घेऊन. आत जा आधी. त्याचं हृदय नाजूक आहे, तुला बघून तोच जायचा."

लेओश ह्लादीक म्हणजे आमचे माजी मुख्याध्यापक, आताचे उपनगराध्यक्ष. गावाच्या खर्चाने पुस्तकं छापायची की नाही ते हेच ठरवतात. मास्तरांचा कोश त्यांनी तीनदा परत पाठवला होता. शेरा तिन्ही वेळा तोच: 'हे हल्ली फोनमध्ये असतं.'

"क्वेताबाई, काय बोलू!" ह्लादीक खुर्चीत बसत म्हणाले. "ज्ञानाची खाण होती हो ती. आपणच कमनशिबी, जवळ असून ओळखली नाही."

स्वयंपाकघराच्या दाराआड मास्तरांनी कान टवकारले. या माणसाच्या तोंडून त्यांनी आयुष्यात एवढं एकच ऐकलं होतं, की तुमचे वर्ग फार गोंगाट करतात.

"आत्ताच तातडीची बैठक घेतली," ह्लादीक पुढे म्हणाले. "कोश छापायचा. एकमताने! आपली 'दिवंगत नागरिक स्मृतिमाला' आहे ना, तिच्यात. डिसेंबर संपला की यंदाची मंजुरी बुडणार होती. काय करणार, वर्षभरात लायक असं कुणी मेलंच नाही. मास्तरांनी अगदी वेळ साधली."

"हेच त्याच्या जिवंतपणी केलं असतं तर?"

"जिवंत लेखक फार अवघड, बाई. मुद्रितं तपासायला येऊन बसतात."

दाराआड मास्तरांचे डोळे भरून आले. एकतीस वर्षं खपले, अर्ज केले, हातापाया पडले, आणि करायचं होतं ते इतकंच, मरायचं. ते तिथेच गप्प राहिलेही असते. पण ह्लादीक म्हणाले, "प्रस्तावना मीच लिहीन. दाखले मात्र जरा रुक्ष आहेत. तेवढे काढून माझे घालतो."

दार धाडकन उघडलं. "दाखल्यांना हात लावायचा नाही!"

ह्लादीक पांढरेफटक पडले. छातीवर हात ठेवून त्यांनी दोनचार श्वास घेतले. मग पहिला प्रश्न विचारला. "तुम्हाला कुणी पाहिलंय का?"

"अजून नाही."

"हे बघा मास्तर, ठराव झालाय. तुम्ही जिवंत निघालात तर मंजुरी गेली आणि कोश परत कपाटात. जिवंतांच्या रांगेत तुमचा नंबर कितवा, ते मला विचारू नका."

"म्हणजे मी लपून बसू?"

"छे छे! खुशाल गावात हिंडा, बिअर प्या. कुणी विचारलं तर शिमूनेकची चूक म्हणा. फक्त कागदावर मेलेले राहा. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला कितीसा फरक पडणार?"

"बोहुश," क्वेताबाई म्हणाल्या, "याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढ."

मास्तरांनी कपाटाकडे पाहिलं. बुटांच्या सोळा खोक्यांत एकतीस वर्षांची टिपणं भरली होती. वय चौऱ्याहत्तर. "दाखले माझेच राहतील?" त्यांनी विचारलं.

"शब्द देतो," ह्लादीक म्हणाले. जन्मभर शब्दांवर संशय घेतलेल्या माणसाने नेमका त्या शब्दावर विश्वास ठेवला.

वसंतात कोश निघाला. वाचनालयात समारंभ झाला. दिवंगत लेखकासाठी सगळे मिनिटभर स्तब्ध उभे राहिले, तिसऱ्या रांगेत टोपी हातात धरून मास्तरही. अख्ख्या गावाला सगळं ठाऊक होतं, पण नंतर केक होता, त्यामुळे कुणी हसलं नाही. लेखकाच्या प्रती वारसाला द्यायचा नियम. क्वेताबाईंनी सही करून त्या ताब्यात घेतल्या. "आधी हात धू," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मग देते एक."

मास्तरांनी हात धुतले. पहिली नव्वद पानं त्यांनी लहान मुलासारखी हरखून वाचली. दाखले जागच्या जागी होते, ह्लादीकांनी खरंच शब्द पाळला होता. एक्क्याण्णवाव्या पानापासून मात्र छापताना रकाने उलटे लागले होते. चेक शब्दासमोर त्याच्या इंग्रजी जोडीदाराचा अर्थ, इंग्रजीसमोर चेकचा. थेट शेवटपर्यंत. त्यांच्याच कोशानुसार आता इंग्रजांची पार्टी म्हणजे मृत्यूची सूचना होती आणि आमचं पार्ते म्हणजे नाचगाण्याचा कार्यक्रम. लोक फसू नयेत म्हणून आयुष्य घातलं, आणि लोकांना फसवणारं पुस्तक त्यांच्याच नावावर निघालं. मास्तर ओट्याला टेकून ढसाढसा रडले. क्वेताबाईंना त्यांना टोमणासुद्धा मारवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल पेन्सिल घेतली. दीड महिना खपून सगळ्या दुरुस्त्या उतरवल्या आणि स्वतःच्या सहीने नगरपालिकेला पाठवल्या. उत्तर आलं ते क्वेताबाईंच्या नावे. त्याच सकाळी बेकरीत ह्लादीकांनी मास्तरांना टोपी काढून नमस्कार केला होता, त्यांच्या गुडघ्याची चौकशीही केली होती.

क्वेताबाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. "'महोदया, आपल्या दिवंगत पतींच्या कोशातील दुरुस्त्या मिळाल्या. नियमानुसार दुरुस्त्या लेखकाने समक्ष हजर राहून सादर करायच्या असतात. प्रस्तुत प्रकरणी ते शक्य नसल्याने विषय बंद करण्यात येत आहे. नगरपालिका आपल्या दुःखात सहभागी आहे. लेओश ह्लादीक.'"

मास्तरांनी पत्र त्यांच्या हातातून घेतलं. लाल पेन्सिल धरून ते वरपासून खालपर्यंत दोनदा तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.