न बसता जिंकलेली शर्यत

हिंदुराव अण्णांनी मला फसवले. सायकलच्या शर्यतीत सायकलवर न बसता पहिला नंबर काढला आणि माझ्या दुकानातला कोरा करकरीत डायनामो-दिवा बक्षीस म्हणून घेऊन गेले. हे मी नुसते रागाने म्हणत नाही. ऐन दसऱ्याला, हायस्कूलच्या मैदानावर, निम्म्या रहिमतपूरच्या डोळ्यांदेखत हे घडले.

मला फसवणे सोपे नाही, हे आधी सांगून ठेवतो. एक पंप, एक घमेलेभर पाणी आणि सोल्युशनची ट्यूब, एवढ्या भांडवलावर मी पिंपळाखाली पंक्चर काढायला बसलो. आज माझे सायकलींचे दुकान आहे. साताऱ्याचा घाऊक व्यापारी मला बघितले की आधी जेवून घेतो आणि मगच भाव सांगतो, कारण एकदा बोलणे सुरू झाले की त्याला जेवण मिळत नाही. अशा माणसाला नाक्यावरचा एक शिपाई टोपी घालतो, म्हणजे काय?

अण्णा मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. आमच्याकडे जकात नाक्यावर नोकरीला म्हणून आले आणि इथलेच झाले. लग्न केले नाही. भाऊ मुंबईला गिरणीत. नाक्याच्या मागे एक खोली, तीत अण्णा आणि सायकल. आल्या वर्षीच त्यांनी ती माझ्याकडून घेतली. त्याला आता नऊ वर्षे झाली, आणि या नऊ वर्षांत तिच्यावर बसून जाणारे अण्णा कुणी पाहिलेले नाहीत.

सायकल बरोबर नाही, असे मात्र एक दिवस होत नाही. बाजाराला, देवळाला, दाढीला जातानासुद्धा डावा हात हँडलवर, उजवा सीटवर, आणि अण्णा शेजारून चालताहेत. का बसत नाही म्हणून विचारावे तर रोज उत्तर नवे. "आज टायरं तापल्यात." "रस्त्याला खडी टाकल्या." "आत्ताच जेवलोय, लय जड झालंय." एकदा मी चिडून खोदून विचारले तर मलाच सवाल.

"आवं, बैलाला बाजारला नेता न्हवं तुमी? मग बैलावर बसून जाता का?"

दुकानातले सगळे खदाखदा हसले. माझ्याकडे बैल नाही. पण ते मला घरी गेल्यावर सुचले.

बरे, न बसता सायकलचे लाड किती! वसुबारसेला मी दुकान उघडायच्या आधी अण्णा पायरीवर हजर. "औंदा तिला काय घ्यावं म्हंतो मी." तिला म्हणजे सायकलला. पहिल्या दिवाळीला घंटी. मग मखमली सीटकव्हर, खाली झालर लावलेले. मग मुठींना रबर आणि त्यातून लोंबणाऱ्या रंगीत पट्ट्या. मग चाकांच्या मधल्या कण्यांना लोकरी गोंडे. मग आरसा. आरशात मागचे बघायचे असते, पण अण्णा शेजारून चालतात, म्हणून त्यांनी तो असा वळवून घेतला की त्यात स्वतःचेच तोंड दिसावे. आणि प्रत्येक वस्तूला घासाघीस. मी खाली येत नाही असे दिसले की शेवटचे हत्यार काढायचे: "माझ्याकडं बघू नगा, तिच्या तोंडाकडं बघा." सायकलच्या तोंडाकडे बघून भाव कमी करणारा सबंध जिल्ह्यात मी एकटाच असेन.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण दिवाळीत गिऱ्हाईक आले की हे मध्ये तोंड घालणार. एक बाई भाऊबीजेला येणाऱ्या भावासाठी काही घ्यायला आली. भाऊ सायकलवेडा. मी तिच्यापुढे चांगली पितळी घंटी ठेवली, दोनदा वाजवून दाखवली. अण्णा पायरीवरून म्हणाले, "घंटी नगा घेऊ ताई. घंटी रस्त्यावरच्या लोकांस्नी ऐकू येती, त्येला काय उपेग? पंक्चरचं सामान द्या. आडरानात चाक बसलं की पयली भैण आठवंल."

बाईच्या डोळ्यांत पाणी आले. रबराचा तुकडा, कानस आणि ट्यूब एवढे घेऊन ती गेली. माझी घंटी कपाटात परत गेली. नवऱ्याला भेट द्यायची असेल तर चेन-कव्हर, म्हणजे लेंग्याला तेल लागत नाही आणि धुणारीचे हात वाचतात. म्हाताऱ्या वडलांना द्यायची तर रुंद सीट. दोस्ताला द्यायचीच असेल तर वस्तू नको, एक रविवार द्यावा आणि त्याच्याबरोबर कृष्णेपर्यंत जाऊन यावे. हे अण्णांचे शास्त्र. रविवार माझ्या दुकानात मिळत नाही.

आणि हाच माणूस गावाला सायकल शिकवणारा! शिकायचे असले की सगळे अण्णांकडे. धोतर खोचून, कॅरिअर धरून हे मागून पळणार. "समोर बघ, चाकाकडं बघू नगंस! खांदं ढिलं सोड! उताराला पायडल सोडून दे, मग बघ वारं कसं कानात शिरतंय!" दोन शाळामास्तर, पोस्टमन, दवाखान्यातल्या नर्सबाई, असे चाळीस-पन्नास जण त्यांनी तयार केले. माझी थोरली कुसुमसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकली. आज ती हायस्कूलला सायकलने जाते. शिकवणीचा एक पैसा त्यांनी कुणाकडून घेतला नाही, हे कबूल करावे लागेल.

तोवर ठीक होते. मग एस.टी. स्टँडवर सायकलचे दुसरे दुकान निघाले. मालकाचे नाव लिहून मी त्याला मोठा करणार नाही. त्याचा धंदा असा की गिऱ्हाईक माझ्याकडे निघाले, की समोरून चाललेल्या अण्णांकडे बोट करायचे. "बघितलं का? त्या दुकानच्या सायकली ढकलायच्या असत्यात. बसायचं आसंल तर हितनं घ्या." दिवाळसणाला जावयासाठी सायकल घ्यायला आलेले एक पाटील माझ्या दारातून परत गेले. म्हणाले, "तुमच्या सायकलीवर माणूस बसल्याला बघितल्याबिगार न्हाई घेनार." पिंपळाखालून इथवर आणलेले दुकान एका माणसाच्या पायी चालण्याने बुडणार, असे दिसू लागले.

म्हणून मी डाव टाकला. दसऱ्याला हळू सायकल चालवण्याची शर्यत जाहीर केली. बक्षीस डायनामो-दिवा. दुकानाबाहेरच्या फळ्यावर पहिले नाव अण्णांचे लिहिले, त्यांना न विचारता. सबंध गावासमोर अण्णा माझ्या सायकलवर बसलेले दिसले की माझे काम झाले.

अण्णा फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"माझं नाव कुनी लिवलं?"

"म्या. का?"

"न्हाई, अक्षर बरं आलंय." आणि सायकल धरून चालू लागले.

नियमाचा कागद मी स्वतः लिहिला. माझ्या कागदात फट नसते, असा माझा लौकिक आहे. नियम दोनच. एक, सायकलवर बसल्यावर जो पाय टेकील तो बाद. दोन, जो सर्वांत शेवटी रेघ ओलांडील तो पहिला.

खंडेनवमीला गावातल्या सायकली धुऊन झाल्या, झेंडूच्या माळा पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माळांसकट सात सायकली फक्कीच्या रेघेवर उभ्या राहिल्या. हायस्कूलच्या हेडगुरुजींनी शिट्टी फुंकली. सहा जण डुगडुगत निघाले. पोस्टमन शेजाऱ्याच्या अंगावर गेला, दोघेही बाद. आणखी तिघांचे पाय टेकले. उरला एक शिंपी. तो मुंगीच्या चालीने रेघ ओलांडून गेला आणि लोकांनी टोप्या उडवल्या. मग कुणीतरी मागे बोट केले. अण्णा अजून सुरुवातीच्याच रेघेवर, सायकल धरून उभे.

मी ओरडलो, "अण्णा, बसा की!"

"गडबड काय हाय? हळूच जायचं हाय न्हवं?"

आणि ते चालत निघाले. शांतपणे, रोज दाढीला जातात तसे. रेघ ओलांडली, सायकल स्टँडवर लावली आणि माळ सारखी केली.

हेडगुरुजी म्हणाले, "अहो, तुम्ही बसलाच नाहीत."

"गुर्जी, बसल्यावर पाय टेकला तर बाद. मी बसलोच न्हाई. आन् समद्यांच्या मागनं आलो."

गुरुजींनी चष्मा पुसला, माझा कागद दोनदा वाचला. "पहिला नियम पाळला आहे. दुसराही पाळला आहे. बसलेच पाहिजे, असे यात कुठे आहे ते मला दाखवा."

मी कागद उलटा करूनसुद्धा बघितला. मैदानावर सगळ्यात मोठ्याने कोण हसले असेल? स्टँडवरचा. दुपारपर्यंत त्याने गावभर केले, की या दुकानच्या सायकलीवर शर्यतीतसुद्धा कुणी बसत नाही.

दिवेलागणीला मी अण्णांच्या खोलीवर गेलो. दिवा काढून घ्यायचा आणि पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही असे बजावायचे, एवढे ठरवून. दार नुसते लोटलेले होते. आतून घुर्रघुर्र असा आवाज येत होता. मी दार ढकलले.

सायकल खोलीच्या मधोमध मागच्या स्टँडवर होती, मागचे चाक जमिनीपासून वर. आणि सीटवर अण्णा. पाठ ताठ, नजर समोर, पायडल मारताहेत. डायनामो चाकाला टेकवलेला होता आणि समोरच्या भिंतीवर दिव्याचा पिवळा गोल थरथरत होता.

मला बघून त्यांचे पाय थांबले. दिवा विझला.

"हे काय चाललंय अण्णा?"

"कोरेगावास्नं येत हुतो," ते म्हणाले. "रोज कुठंतरी जाऊन येतो. वारं तेवढं येत न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "तुमास्नी येत न्हाई?"

ते खाली उतरले. कंदील लावला. माझ्याकडे न बघता बोलू लागले. "आमच्या वस्तीवर मेंढरं. सायकल कुनाकडं हुती? हितं आलो, पगार झाला, तुमच्याकडनं घेतली. हातात धरून घरला निघालो तर वाटंत मास्तर भेटलं. म्हनले, अण्णा, सायकल घेतलीसा, मला शिकवा की. आता कसं सांगावं? दुसऱ्याची सायकल मागनं धरून पळायची, त्येला काय लागतंय? ते शिकलं. त्येंनी दुसरा धाडला."

"मग कुणाला तरी सांगायचं, मला शिकवा म्हणून."

"कुनाला? मागनं धराया मानूस लागतो हो. ज्येला त्येला म्याच शिकवलंय. त्येला कसं म्हनू, आता तू मला धर? तुमी इचारशिला असं वाटलं हुतं. सायकल घेतली त्या दिशी. पर तुमी आन् मी भाव करत बसलो."

खरे आहे. त्या दिवशी आमची तासभर घासाघीस झाली. सीट कसली, टायर कुठले, पंप वरती की किमतीत, सगळे बोललो. येते का, एवढे विचारायचे राहिले. चालत गेले तेव्हा मला वाटले, नवी वस्तू, माणूस जपतोय.

त्यांनी पान्हा घेतला आणि दिवा सोडवायला बसले. "घेऊन जावा. म्या तुमास्नी फशिवलं."

"ऱ्हाऊ द्या तो तिथंच!" मी इतक्या जोराने ओरडलो की त्यांच्या हातातला पान्हा पडला. "सकाळी उजाडताना मैदानावर या. मी धरतो."

घरी येऊन कुसुमला विचारले, "तुला अण्णांनी महिनाभर शिकवलं. तुमास्नी येती का, असं कधी विचारलंस?"

ती म्हणाली, "आबा, ते मागं असायचे ना. मला दिसायचेच न्हाईत."

आता पंधरा दिवस झाले. रोज सकाळी मी मागून पळतो आहे. माझे पोट सुटलेले, अण्णांचे वजन भक्कम, आणि ते हँडल असे आवळतात की सायकल सरळ जातच नाही. परवा दोघेही फक्कीच्या ढिगात पडलो. त्यांनी आधी सायकल उचलली, मग मला. हे सगळे लिहू द्यायला ते तयार नव्हते. "गाव हसंल," म्हणाले. हसणाऱ्याला मी बघून घेतो, असे सांगितल्यावर एका अटीवर तयार झाले: शर्यत नियमाने जिंकली, हे लिहायचे. लिहिले.

पण आता मला जाब पाहिजे. स्टँडवरच्याला मी विचारत नाही, त्याच्याशी नंतर बघतो. मी विचारतो ते दोन्ही मास्तरांना, पोस्टमनला, नर्सबाईंना आणि त्या सगळ्या चाळीस-पन्नास जणांना. तुमच्या मागून हा माणूस नऊ वर्षे धापा टाकत पळाला. तोल सांभाळता आल्यावर तुम्ही पुढे निघून गेलात. मैदानाच्या मधोमध तो उभा राहिला, तो घरी कसा जातो, हे तुमच्यापैकी एकाने तरी वळून बघितले का? माझी चूक मी पळून फेडतो आहे. तुमची कोण फेडणार? उद्या सकाळी कॅरिअर धरायला कोण येतो आहे, ते मला आज सांगा.