पितळी खटक्याची हकीकत

श्रीगजाननास व शारदेस नमन करून, आणि पेटीवरील हिरवे दिवे अखंड लुकलुकोत ऐसे मागून, पाहिली तैसी हकीकत लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. त्या राज्याचा अवघा कारभार नेटवर्कच्या तारांवर आणि त्या तारा जोडणाऱ्या दिव्यांच्या पेट्यांवर चाले आणि हरएक तारेचे टोकास एक कनेक्टर असे, बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा, आत आठ रंगांच्या आठ तारा पंगतीस बसल्यासारख्या, आणि पाठीवर प्लास्टिकचा लवचीक खटका. पेटीत शिरताना तो खट् ऐसे बोले, मग ओढिता येत नसे, आणि अंगठ्याने दाबिता मुकाट बाहेर येई. संगणक आले आणि भंगारात गेले, पेट्या बदलल्या, वेग शतपट वाढला, परंतु कनेक्टराचे रूप तिळभर ढळले नाही. थोरल्या महाराजांचे वेळची तार आजचे पेटीस बिनतक्रार लागे. ऐसी टिकाऊ अक्कल दरबारातही आम्ही पाहिली नाही.

खोड एकच, की खटका मोडे. त्यातून तेथील रीत ऐसी की खंडेनवमीस शस्त्रांबरोबर सर्व तारा उपसून पाटावर मांडाव्या, हळदकुंकू वाहावे आणि मग पुन्हा लावाव्या. उपसताना हिसका बसे आणि खटके पटापट तुटत. दिवाण निळोपंत यांचे मस्तकात तिडीक गेली आणि ते दरबारी बोलिले, "महाराज, जरा ओढिले की मान टाकितो, हा कसला पहारेकरी? हुकूम व्हावा, पितळेचे खटके करवितो. हत्ती जुंपिला तरी तार सुटणार नाही." महाराज म्हणाले, "आणि सुटावी ऐसे वाटले तर?" पंत म्हणाले, "वाटेलच कशाला?" मग तांबट बोलाविले, पितळी खटके जडविले, आणि जुने कनेक्टर पंतांनी भंगारवाल्यास देऊन टाकिले. राणीसाहेब मात्र म्हणाल्या, "आमचे मुदपाकखान्यातील पेटीस हात लावाल तर खबरदार. पितळ आम्हांस घासावयास पुष्कळ आहे." म्हणून तेवढी एक लहान पेटी आणि तिची मोडक्या खटक्याची तार जुनीच राहिली.

पुढे मार्गशीर्षमासी पाण्याचा करार आला. नदी पलीकडील राजांचे मुलखातून येई आणि त्यांचा निरोप ऐसा की, सूर्यास्तापूर्वी महाराजांनी पडद्यावर समक्ष होकार द्यावा, न दिल्यास कालवा दुसरे राज्याकडे वळवू. म्हणजे उन्हाळ्यात रयतेने प्यावे काय? महाराज पोशाख करून पडद्यासमोर बसले, पलीकडील राजे दिसू लागले, रामराम जाहला आणि महाराज मुजऱ्यास आवेशाने उठले तो पाय तारेत अडकला. जुना खटका असता तर तो मोडता, तार निसटती, दुसरी लावून काम चालते. पितळी खटका सोडीना. तारेने पेटी कोनाड्यातून ओढिली, पेटी फरशीवर आपटून तिची शकले जाहली आणि खटक्यास ओरखडाही नाही. पडदा काळा पडला आणि बाहेर ऊन उतरू लागले. महाराज गरजले, "पंत, आता कालव्यात काय सोडता? पितळ?" पंतांस धरणी ठाव देईना. आम्हांस त्यांची दया आली, खोटे कशास लिहू.

इतक्यात राणीसाहेब मुदपाकखान्यातील पेटी स्वतः घेऊन आल्या, तिला फोडणीचा वास. पितळी खटके कोणत्याच पेटीतून सुटेनात, म्हणून ही पेटी तिच्याच जुन्या तारेने लाविली, दिवे लागले, परंतु मोडक्या खटक्याची तार कोणी शिंकले तरी निसटे. कागदाची घडी घातली, ती राहीना. चिकटपट्टी लाविली, ती तेलामुळे धरीना. मग निळोपंतांनी पगडी उतरविली, टेबलाखाली शिरले आणि कनेक्टर अंगठ्याने पेटीत दाबून बसले. गुडघे वाजले, घाम डोळ्यांत गेला, परंतु अंगठा हलविला नाही. पडदा उजळला. पलीकडील राजे पुसते जाहले, "आपले दिवाण नित्य उजवे हाती असतात. आज रुसले काय?" महाराज म्हणाले, "रुसले नाहीत. आमच्या रयतेचे पाणी धरून बसले आहेत." आणि होकार दिला, आणि तो सूर्य बुडण्याआधी पोचला.

सारांश, मोडणे हाच त्या खटक्याचा पराक्रम; तो स्वतः जातो आणि पेटी राखितो, म्हणोन त्याची जात इतकी वर्षे टिकली. पितळ वितळवून त्याची घंटा केली, प्लास्टिकचे कनेक्टर पुन्हा आले. अजूनही कोणी तारेत अडखळून तुटका खटका भीतभीत घेऊन येतो. पंत तो तळहातावर घेतात, पेटीकडे पाहतात आणि म्हणतात, "शाबास गड्या." इतके लिहून बोरू ठेविला.