जुन्या ग्लव्हचा सल्ला

"ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी येताहेत ते," व्हिव्हियननं टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं. "मी हॉलमध्ये टेबलसुद्धा सांगून ठेवलंय."

नॉर्बर्ट येलिनेकनं तोंडाला लावलेला कॉफीचा कप खाली ठेवला. "कोण येताहेत?"

"कोण म्हणजे? बेलुची! ग्रेटाचे होणारे सासू-सासरे, शिकागोहून. तू ऐकतोस कुठे माझं?"

"अगं, पण हॉलमध्ये कशाला? घरी जेवायला घालू की मस्त."

"घरचं जेवण त्यांना शिकागोतही मिळतं. त्यांना आपल्याकडची शुक्रवारची फिश फ्राय खायचीय. ग्रेटानं तोंड फाटेस्तोवर कौतुक केलंय तिचं. आणि ऑगस्ट महिन्यात, पंखा चालू असताना, तुला एवढा घाम कशाला फुटलाय?"

घाम फुटायला कारण होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या या गावात दर शुक्रवारी अख्खं गाव चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा आणि बटाट्याचे पॅनकेक खायला लोटतं. त्यातल्या ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी हॉलबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर, एक माणूस कॉड माशाच्या पोशाखात उभा असतो. हा पोशाख जुन्या सोफ्याचा फोम आणि ताडपत्री वापरून शिवलेला आहे. माशाचा जबडा उघडा, आणि त्या जबड्यात उभं राहणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसेल अशी सोय. हातात 'आज मासे' अशी पाटी. येणाऱ्या गाडीनं हॉर्न दिला की माशानं नाचायचं, असा नियम आहे. आणि आमच्याकडची माणसं एरवी कितीही सभ्य असली तरी त्या दिवशी हॉर्न देण्यात काडीची कसूर करत नाहीत.

हा मान फँटसी बेसबॉलच्या लीगमध्ये शेवटच्या येणाऱ्याला मिळतो. लीग आठ जणांची. मार्चमध्ये आठही जण एकत्र बसतात आणि खरे खेळाडू आपापसात वाटून घेतात. मग तिकडे मैदानात एखाद्यानं चेंडू टोलवला की इकडे तो ज्याच्या वाटणीला आलाय त्याला गुण. खेळाडूला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. घाम त्याचा आणि फुशारकी आमची, असा हा कारभार आहे. त्या सकाळी नॉर्बर्ट या लीगमध्ये आठवा होता.

त्याच्या वर, सातव्या जागेवर, त्याच्या बहिणीचा नवरा डेल प्रॉखनाउ होता. डेल बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, मोठ्यानं हसायचा आणि आपल्या संघात एकाच्या जागी तीन कॅचर, म्हणजे बेसबॉलमधले यष्टीरक्षक, ठेवायचा. का, असं विचारलं तर म्हणायचा, "कॅचर गुणी असतात रे. दिवसभर उकिडवे बसतात, कुरकुर नाही." या असल्या माणसाच्याही आपण खाली आहोत हे नॉर्बर्टला फार लागायचं. कारण काउंटीच्या कचेरीत घरपट्टी ठरवणारा हा गृहस्थ स्वतःला बेसबॉलमधला जाणकार समजत असे.

नुसता समजत नसे, तर तशी सेवाही करत असे. इंटरनेटवर फँटसीवाल्यांचा एक कट्टा होता. लोक तिथे आपला संघ मांडायचे आणि कुणाला ठेवू, कुणाला सोडू असं विचारायचे. नॉर्बर्ट तिथे 'जुना ग्लव्ह' या नावानं उत्तरं द्यायचा. ही गोष्ट व्हिव्हियनलासुद्धा ठाऊक नव्हती. स्वतःचा संघ तळाला असताना जगाला शहाणपण शिकवावं याचा त्याला कधी संकोच वाटला नाही. सल्ला देणाऱ्यांना तो सहसा वाटत नाही.

त्याच आठवड्यात कट्ट्यावर एक प्रश्न आला. विचारणाऱ्याचं नाव अनोळखी होतं, पण संघात तीन कॅचर होते. अख्ख्या अमेरिकेत असा माणूस एकच. 'रॅमिरो बुस्टांझोची बॅट दोन आठवडे थंड आहे,' डेलनं लिहिलं होतं. 'ठेवू की सोडू?'

बुस्टांझो म्हणजे लीगमधला सगळ्यात तगडा फटकेबाज. असा माणूस चार दिवस चाचपडतो आणि मग फोडून काढतो, हे नॉर्बर्टला पक्कं ठाऊक होतं. खरा सल्ला एकच होता, थांबा. पण त्याच्या डोळ्यांपुढे फोमचा जबडा आला, जबड्यात आपलं तोंड आलं आणि समोर शिकागोचे बेलुची नवरा-बायको आले. त्यानं लिहिलं, 'बुस्टांझो संपला. मनगट गेलंय. आजच सोडा आणि ऑस्ट्रँडरला घ्या.'

केल्विन ऑस्ट्रँडर हा चाळिशीला टेकलेला पिचर होता. त्याचे चेंडू इतके निवांत यायचे की प्रेक्षकांनाही खाली उतरून एखादा टोलवावासा वाटे. डेलनं इमानेइतबारे बुस्टांझोला सोडलं. सोडलेल्या खेळाडूवर पहिला हक्क तळाच्या संघाचा, हा आमचा नियम. त्यामुळे नॉर्बर्टनं बुस्टांझोला अलगद उचललं आणि खुशीत तो सामना बघायला बसला.

त्या संध्याकाळी ऑस्ट्रँडरनं समोरच्या संघाला एकही धाव काढू दिली नाही. आणि बुस्टांझो सूर्यफुलाच्या बिया चघळत डगआउटच्या पायऱ्या उतरताना घसरला, पाय मुरगळला आणि महिन्याभरासाठी घरी गेला.

शनिवारी डेल सॉसेजचा पुडा घेऊन हजर झाला. "नॉर्बी, तुला माहितेय? इंटरनेटवर एक जुना ग्लव्ह म्हणून आहे. देवमाणूस! बुस्टांझो पडणार हे त्याला आधी कळलं होतं!"

"मनगट म्हणाला होता ना तो? पडला पायावर," नॉर्बर्ट शेगडीतले निखारे उगाच ढोसत म्हणाला.

"तुला कसं कळलं मनगट म्हणाला ते?"

"तूच सांगितलंस आत्ता."

"सांगितलं असेल," डेल म्हणाला. त्याच्या मनात किल्मिष नव्हतं, हीच त्याची मोठी अडचण होती.

"आणि असल्या निनावी माणसांवर विश्वास ठेवू नये, डेल."

"मग काय तुझ्यावर ठेवू?" डेल इतक्या जोरात हसला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

नॉर्बर्ट पेटला. पुढच्या वेळी डेलनं टेडी क्विलबद्दल विचारलं. क्विल बेस चोरण्यात, म्हणजे समोरच्यांचा डोळा चुकवून पुढच्या टप्प्यावर पळण्यात, पटाईत, गुणांची खाणच. जुन्या ग्लव्हनं लिहिलं, 'पाय जड झालेत त्याचे. सोडा. त्यापेक्षा आणखी एक कॅचर घ्या.' चौथा कॅचर! हे लिहिताना नॉर्बर्टला स्वतःचंच हसू आवरेना. डेलनं क्विलला सोडलं, नॉर्बर्टनं उचललं. दुसऱ्याच दिवशी क्विलच्या बायकोला जुळं झालं आणि तो रजेवर गेला. परतला तोवर त्याच्या जागी आलेला पोरगा असा काही खेळत होता की क्विलला बाकावरून उठायचं कारण उरलं नाही. इकडे चौथ्या कॅचरनं मात्र लागोपाठ होम रन ठोकायला, म्हणजे चेंडू थेट प्रेक्षकांत धाडायला, सुरुवात केली.

डेल सातव्यावरून चौथा झाला. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण डेलच्या पोटात गोष्ट राहत नाही. त्यानं शुक्रवारी हॉलमध्ये पानावर बसल्या बसल्या लीगमधल्या बाकीच्या सहाही जणांना जुन्या ग्लव्हचा महिमा सांगितला. सोमवारपासून सहाही जण कट्ट्यावर रांग लावून उभे.

आता नॉर्बर्टची पुरती गोची झाली. खरं सांगावं तर सगळे पुढे जाणार, आणि गप्प बसावं तर चार वर्षांत कमावलेलं नाव जाणार. त्यानं काळजावर दगड ठेवून सातही जणांना सातत्यानं चुकीचे सल्ले दिले. आणि सातही जणांचं भलं झालं. ज्यांना त्यानं 'लंगडा घोडा' म्हणून घ्यायला लावलं ते धावले. ज्यांना सोडायला लावून त्यानं स्वतः उचललं ते कुणी तापानं आडवे झाले, कुणी पंचाशी भांडून निलंबित झाले. एकाला तर मधमाशी चावली.

सगळेच वर गेले तेव्हा डेल आपोआप घसरून पुन्हा सातवा झाला. नॉर्बर्ट आठवा होता तो आठवाच राहिला. आमच्या लीगमध्ये शेवटच्या आठवड्यात तळाचे दोन संघ एकमेकांशी झुंजतात आणि हरणारा मासा होतो. म्हणजे मेव्हणे-मेव्हणेच समोरासमोर आले.

त्या आठवड्याच्या आदल्या रविवारी जुन्या ग्लव्हला डेलचा खासगी निरोप आला. नॉर्बर्टनं बोटं मोडून घेतली. आता शेवटचा, सणसणीत खोटा सल्ला द्यायचा आणि विषय संपवायचा, असं ठरवून त्यानं निरोप उघडला.

'ग्लव्हसाहेब, या वेळी जरा वेगळं काम आहे,' डेलनं लिहिलं होतं. 'मला हरायचंय. माझ्या बायकोचा भाऊ माझ्याविरुद्ध आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी त्याच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा येताहेत. त्यांच्यापुढे तो मासा होऊन नाचायला लागला तर शरमेनं मरेल. मला काय, मी कसाही नाचेन. पण तो मानी आहे. मी रिकामा संघ उतरवला तर त्याला कळेल आणि आयुष्यभर सलेल. तेव्हा दिसायला बरा दिसेल पण नक्की हरेल असा संघ सांगा. माणूस चांगला आहे हो. बेसबॉल कळत नाही, एवढंच.'

नॉर्बर्टनं तो निरोप पुन्हा वाचला. शेवटचं वाक्य त्याला झोंबलं, पण त्याआधीची वाक्यं त्याहून जास्त झोंबली. ज्याच्या पायाखाली आपण दोन महिने खड्डे खणले, तो आपल्यासाठी मासा व्हायला निघालाय! त्याला स्वतःची अशी लाज वाटली की तो उठून अंगणात गेला आणि कारण नसताना गवत कापून आला.

मग त्यानं ठरवलं. झालं ते पुरे. मासा आपणच व्हायचं. बेलुचींना काय म्हणायचं ते म्हणोत. तो बसला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं जीव ओतून खरा सल्ला तयार केला. कुठल्या पिचरला आठवड्यात दोन सामने मिळतात, कुणाचं कुठल्या मैदानावर चालतं, वारा कुठल्या दिशेचा, सगळं बघितलं. डेलला जिंकून देणारा अव्वल संघ त्यानं लिहून काढला आणि खाली शेरा मारला, 'ही माणसं उतरवा. हमखास हराल.' मग स्वतःच्या संघातले चांगले खेळाडू त्यानं बाकावर बसवले आणि उरलेला गाळ मैदानात उतरवला.

मंगळवारी डेलचा पहिला पिचर पहिल्याच डावात सात धावा देऊन अंघोळीला गेला. बुधवारी दुसऱ्याचा सामना पावसानं धुऊन नेला. गुरुवारी त्याच्या फटकेबाजानं अंपायरच्या आईची चौकशी केली आणि तो हाकलला गेला. आणि नॉर्बर्टचा गाळ? ज्याला वर्षभर चेंडू दिसत नव्हता त्यानं एका सामन्यात तीन होम रन मारले. नॉर्बर्ट टीव्हीपुढे डोकं धरून "अरे, बाद हो ना मेल्या!" म्हणून ओरडत होता. व्हिव्हियन म्हणाली, "आपलाच आहे ना तो?" रविवारी नॉर्बर्ट हंगामातला सगळ्यात मोठा विजय मिळवून सुखरूप सातवा आला.

शुक्रवारी हॉलच्या कोपऱ्यावर डेल कॉड मासा होऊन असा रंगात आला होता की गाड्या पुन्हा वळसा घालून हॉर्न द्यायला येत होत्या. बेलुची मंडळी गाडीतून उतरली. मिसेस बेलुचींनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर बेलुचींनी विचारलं, "हा कोण हो?"

"माझा मेव्हणा," नॉर्बर्ट म्हणाला. "लाखात एक माणूस आहे."

पाहुणे आत जाऊन स्थिरावले, गरम मासा पानात पडला, ग्रेटा खुशीत होती, व्हिव्हियन खुशीत होती. नॉर्बर्ट मात्र बिअरचा ग्लास घेऊन बाहेर आला आणि त्यानं तो माशाच्या जबड्यात दिला.

"डेल, मला तुला एक सांगायचंय."

"आधी मी सांगतो," डेल फेस पुसत म्हणाला. "तो जुना ग्लव्ह! काय माणूस आहे रे! जिंकायला सांगितलं तरी बरोबर, आणि..." तो चटकन थांबला. "म्हणजे, एकूणच बरोबर."

"डेल, ऐक. तो जुना ग्लव्ह मीच आहे."

माशाचे कल्ले हलायला लागले, शेपटी थरथरली आणि अख्खा कॉड हसून हसून खांबाला टेकला. डोळे पुसून डेलनं आपला ताडपत्रीचा पर मायेनं नॉर्बर्टच्या खांद्यावर ठेवला.

"सातवा आलास म्हणून एवढी चढू देऊ नकोस, नॉर्बी," तो म्हणाला. "त्या माणसाला बेसबॉल कळतं."