येण्याची ओळ

आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या सतराव्या मजल्यावरील एका फ्लॅटमध्ये राष्ट्रप्रमुखांना बाबनिहाय नकाराधिकार देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मत एकच पडले, तेही राष्ट्रप्रमुख वासुदेवरावांचे. ऑफिसात त्यांना स्टेपलरच्या पिनासुद्धा साहेबाच्या सहीशिवाय मिळत नसत. अशात लेक मिहिका शाळेतल्या मॉक पार्लमेंटसाठी घोकत असलेला धडा कानी पडला: राष्ट्रप्रमुखाने अख्खे बजेट फेटाळायचे नाही, नको तेवढी ओळ खोडायची! वासुदेवरावांनी त्याच संध्याकाळी लाल पेन आणले.

पत्नी कुंदाताईंनी घरखर्च मांडायचा, राष्ट्रप्रमुखांनी खोडायचा आणि खोडलेली ओळ पुन्हा मांडायची नाही, अशी राज्यघटना फ्रिजवर लागली. पहिल्याच आठवड्यात पावभाजीतला पाव गेला. मग धाकट्या तनिषच्या पोहण्याच्या क्लासच्या फीची ओळ राहिली आणि पोहण्याच्या चड्डीची गेली. पोरगा महिनाभर काठावर बसून पोहायला शिकला. बचत होत होती, आणि वासुदेवरावांच्या चेहऱ्यावर तेज आले होते.

जूनमध्ये कुंदाताईंनी साताऱ्याची बाब मांडली. दोन वर्षे आईचे तोंड पाहिले नव्हते, म्हणून बिचारीने जपून दोनच ओळी लिहिल्या. तिघांचे जाणे, माणशी सातशे दिरहम. तिघांचे येणे, माणशी चौदाशे.

"चौदाशे? म्हणजे तेहेतीस हजार रुपये!" आणि येण्यावर लाल रेघ ओढली गेली.

"अहो, मग आम्ही परत यायचं कसं?"

"नेक्स्ट क्वार्टरला बघू. रेट उतरतील, इन्शाल्ला. खलास!"

"बाबा, दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स," मिहिका म्हणाली.

कुंदाताई मात्र गोड हसल्या. "राहू दे गं. घटना म्हणजे घटना. तू बॅग भर."

रेट उतरले नाहीत. इकडे खोडायला ओळच उरली नाही, कारण मांडणारीच साताऱ्यात आईच्या हातचे खात बसली होती. वासुदेवराव स्वतःच यादी करीत, स्वतःच खोडत आणि खाकरा खात. शाळा उघडायला चार दिवस उरले तेव्हा त्यांनी फोन केला.

"कुंदा, या गं आता. करमत नाही मला."

"यायचंय हो आम्हालाही. पण खोडलेली ओळ मांडता येत नाही ना? घटनादुरुस्ती पाठवा. आणि मिहिका म्हणते, जिकडे जनता तिकडे सरकार. इकडे तिघं आहोत."

तासाभरात फॅमिली ग्रुपवर दुरुस्तीचा मसुदा पडला. तिकिटे तीन, दर माणशी एकवीसशे दिरहम. रुपये सांगायची हिंमत झाली नाही. खाली नेहमीची सही: वासुदेव, राष्ट्रप्रमुख.

पाच मिनिटांत मसुद्याचा फोटो परत आला. लाल पेन साताऱ्यातही दहा रुपयांना मिळते. सगळ्या ओळी मंजूर होत्या. फक्त सहीतला दुसरा शब्द खोडलेला होता.

"यल्ला, या लवकर," वासुदेवरावांनी लिहिले, आणि खरे सांगायचे तर त्यांना हायसेच वाटले. विमानतळावर जाताना त्यांनी चार डझन पाव घेतले.

फ्रिजवरची घटना उतरली, पण लाल पेन काही सापडत नाही. हरवले, असे वासुदेवराव म्हणतात. तुम्ही हसताय ना? हसा. पण आधी स्वतःचा खिसा चाचपून बघा.