नखशिखांत आरसा आणिला त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून लिहितो. डोळ्यांदेखत जाहले तेवढेच लिहितो. सजवून सांगण्याची विद्या अंगी नाही, ती उसनी आणणार नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडीचे दिवस. ते समयी एक राज्य होते. राज्य दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचे. पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस मोरी, आणि तळमजल्यास पिठाची गिरणी, तेणेकरून गिरणी चालू असता राज्यातील भांडी मांडणीवर बारीक थरथरत. महाराज पेन्शनीत निघालेले, बोलणे कमी. राणीसाहेब अनसूयाबाई मागील चैत्रात वारल्या. मागे एकच कन्या, वैजयंतीबाई, ती नुकतीच पोलिसांत शिपाई म्हणून दाखल जाहली होती.

राणीसाहेब होत्या तोवर राज्यास मोठ्या आरशाची गरज पडली नाही. मोरीवर ताटाएवढा आरसा होता, त्यात महाराज दाढी करीत; बाकी सर्व पाहणे राणीसाहेब पाहत. कोणी बाहेर निघाले की त्या दारात आडव्या उभ्या राहत आणि म्हणत, "वळ बघू," आणि निघणाराने वळावे, मग कॉलर, निरी, सुटलेला दोरा, जे असेल ते त्या हाताने नीट करीत आणि मगच वाट सोडीत. त्यांची दुसरी रीत अशी की माप टेपेने घेत नसत. पडदा, गादी, खिडकीची जाळी, ज्याचे त्याचे माप सुतळीने घ्यावे, गाठ मारावी, ओळखीस चिंधी बांधावी आणि सुतळी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यास अडकवावी. त्यात तांबड्या चिंधीची सुतळी आरशाची. एके दसऱ्यास त्यांनी भिंतीस पाठ लावून टाचेपासून अंबाड्यापर्यंत माप घेतले आणि म्हणाल्या, "घ्यायचा तर एवढा घ्यायचा. माणूस नखशिखांत दिसला पाहिजे. अर्धंमुर्धं बघायला ताट आहेच की." मग त्या वर्षी फ्रिज बिघडला, पुढे आणखी काही निघाले, आणि सुतळी खिळ्यासच राहिली.

राणीसाहेब गेल्यापासून महाराजांनी कन्येचे मुखाकडे पाहिले नाही. वैर नव्हते. हनुवटी तीच, भुवया त्याच, हसताना एक गाल आधी हलतो तोही तसाच. समोर आली की पाहवत नसे, म्हणून महाराज जेवणाच्या ताटाकडे पाहून बोलत, पंख्याकडे पाहून बोलत. कन्या गणवेश चढवून पुढे उभी राही आणि विचारी, "ठीक आहे का?" आणि महाराज पंख्यास म्हणत, "छान." ऐसे चालले असता एका सोमवारी परेडीत तिची टोपी कललेली निघाली आणि साऱ्या पलटणीदेखत तिला मैदानास फेऱ्या घालाव्या लागल्या. तिचे नाव प्रजासत्ताक दिनाच्या मानवंदना पथकात निवडले होते. अधिकारी बोलिले, येत्या सोमवारी पाहणी आहे. पुन्हा गबाळेपणा दिसला तर पथकातून नाव कमी. कन्या घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, "बाबा, घरात मोठा आरसा पाहिजे. रविवारच्या आत." महाराज ताटास बोलिले, "आणू."

मग मसलतीस राणीसाहेबांचे बंधू प्रल्हादराव आले. गृहस्थ मनाने चांगले, परंतु ज्ञान फार. ते म्हणाले, "दाजी, आरसा दारासमोर नको, लक्ष्मी आल्या पावली परत फिरते. पलंगासमोर नको, झोप उडते. दक्षिणेला तर नकोच नको." कन्या म्हणाली, "मामा, मग गॅलरीच्या कठड्यावर ठेवू का?" तेव्हा प्रल्हादराव चहा प्याले आणि मसलत संपली. शनिवारी तिघे बाजारास निघाली. कन्येने गणवेश चढविला, टोपी पिशवीत घेतली, आणि महाराजांनी कोणास न सांगता खिळ्यावरून तांबड्या चिंधीची सुतळी काढून खिशात घातली.

काचबाजारात कासारशेठ म्हणून व्यापारी, दुकान लांबट बोळासारखे, दोन्ही अंगांस आरसे उभे. आत शिरताच तिघांची तीस माणसे जाहली आणि महाराजांस कोठे पाहावे कळेना, कारण जिकडे पाहावे तिकडे कन्या. त्यांनी खाली फरशीकडे नजर लाविली. पहिला आरसा सागवानी चौकटीचा, नक्षीदार, त्याची किंमत ऐकून प्रल्हादराव म्हणाले, "ह्यात बघायला दागिने वेगळे घ्यावे लागतील." कासारशेठ हसले आणि म्हणाले, "बघण्याचे पैसे नाहीत, मामा. सावकाश बघा." दुसरा स्वस्त, हलका, प्लास्टिकच्या चौकटीचा, परंतु कन्या त्यासमोर एक पाऊल डावीकडे सरली तो कमरेचा पट्टा पाण्यावर पडल्यागत हलला. ती म्हणाली, "काच पातळ आहे, वाकते. ह्यात सरळ उभं राहिलं तरी मी वाकडीच." मग महाराजांनी आपण होऊन एक आरसा धरिला. काच जाड, चौकट साधी, किंमत राज्यास झेपेल ऐशी. त्यांनी खिशातून सुतळी काढिली, तळापासून वर लाविली, आणि गाठ बरोबर काठाशी आली. ते म्हणाले, "हाच. माप बोटभरसुद्धा चुकत नाही."

कन्येने टोपी घातली आणि आरशासमोर उभी राहिली. आरशात बूट होते, पट्टा होता, छातीवरची नावाची पट्टी होती, आणि हनुवटीशी आरसा संपला. ती म्हणाली, "बाबा, ह्यात मला डोकं नाही." महाराज बोलिले, "माप बरोबर आहे." ती म्हणाली, "कुणाचं?" प्रल्हादराव हळूच म्हणाले, "दाजी, थोडा मागे कलता ठेवला तर डोकंही येईल." कन्या म्हणाली, "खाली गिरणी आहे, मामा. कलता ठेवला तर रोज इंचभर सरकेल. आणि टोपी सरळ की तिरकी हे कलत्या काचेत काय कळणार?" महाराजांचा आवाज चढला. ते म्हणाले, "ही सुतळी तुझ्या आईनं स्वतःच्या हातानं बांधली आहे. ती खोटी नाही." कन्या म्हणाली, "खोटी कोण म्हणतं? आईची आहे. मी आई नाही, बाबा. मी एवढी आहे." आणि तिने आपला तळवा टोपीवर ठेविला. मग जे चैत्रापासून पोटात होते ते तिथेच, परक्याच्या दुकानात निघाले. ती म्हणाली, "आई गेली त्याला माझा काय इलाज? रोज तुमच्यापुढे उभी राहते आणि तुम्ही पंख्याला 'छान' म्हणता. त्या सोमवारीही म्हणालात. म्हणून आरसा पाहिजे मला. आरसा पंख्याकडे बघत नाही."

कासारशेठ शहाणा, तो काच पुसू लागला. प्रल्हादराव किमतीच्या चिठ्ठ्या वाचू लागले. महाराज सुतळी मुठीत धरून उभे राहिले, आणि घरी परत जावे की काय ऐसेही मनात आले असावे. मग ते म्हणाले, "शेठ, याहून उंच काही आहे का? साधं. आमच्या आवाक्यातलं." कासारशेठ म्हणाले, "एक आहे, काका. कापडदुकान बंद झालं, त्यांच्या कपडे घालून बघायच्या खोलीतला. काच एक नंबर, पण खालचा कोपरा उडालाय, म्हणून कुणी नेत नाही. लोकांना बघायचं असतं तोंड आणि अडतात कोपऱ्याशी." आणि त्याने पडदा सारून तो आरसा भिंतीशी सरळ उभा केला. कन्या समोर जाऊन उभी राहिली, पाठ महाराजांकडे. महाराज तिच्या मागे खाली बसले, सुतळीचे टोक तिच्या टाचेशी धरिले, दुसरे टोक पाठीवरून वर नेत आपण उठत गेले, आणि राणीसाहेबांची गाठ कन्येच्या कानाच्या पाळीशी आली. तेथून टोपीच्या माथ्यापर्यंत वीतभर अंतर उरले. ते अंतर पाहण्यास महाराजांनी मान वर केली, आणि समोर काचेत कन्या दिसली.

जे समोरून पाहवत नव्हते ते काचेत पाहिले. हनुवटी तीच होती, भुवया त्याच होत्या. परंतु राणीसाहेब ऐशा कधी उभ्या राहिल्या नाहीत, पाय जुळवून, खांदे मागे घेऊन. आणि डोळ्यांखाली काळे होते, ते आपल्या घरात कधी आले हे महाराजांस ठाऊक नव्हते. कन्येनेही काचेत त्यांस पाहिले आणि हलली नाही. मग महाराज म्हणाले, "टोपी." ती म्हणाली, "काय?" महाराज म्हणाले, "डावीकडे झुकली आहे. उजवीकडे घे. अजून थोडी. हां." कन्येने टोपी सरळ केली, आणि तिचा एक गाल आधी हलला, आणि महाराजांनी नजर काढिली नाही. मग त्यांनी कासारशेठकडून बांधणीच्या सुतळीचा तुकडा मागून घेतला, जुन्या गाठीतच अडकवून जोडिला, आणि टोपीच्या माथ्याशी नवी गाठ मारिली. कासारशेठ म्हणाले, "तुकड्याचे पैसे नाहीत. आरशाचे मात्र रोख."

मग आरसा टेम्पोतून राज्याच्या पायथ्याशी आला. जिना अरुंद, मध्ये वळण, आणि गिरणी सुरू. महाराजांनी गिरणीवाल्यास सांगितले तेव्हा त्याने गिरणी थांबविली, आणि दळणास आलेली माणसे डबे हाती घेऊन वर पाहत उभी राहिली. वळणाशी आरसा अडला. प्रल्हादराव खालून ओरडले, "दाजी, उडालेला कोपरा कठड्याकडे करा! चांगला वाचवा!" कन्या वरून ओरडली, "मामा, सोडू नका हं, सोडू नका!" काच कठड्यास घासली, आवाज निघाला, आणि मग आरसा वळला. दक्षिणेच्या भिंतीशीच जागा होती, तेथे सरळ उभा करून वर दोन पट्ट्यांनी भिंतीस जखडिला. प्रल्हादरावांनी दिशा पाहिली आणि चहा मागितला.

सोमवारी उजाडता कन्या गणवेश चढवून आरशासमोर उभी राहिली. बूट पाहिले, पट्टा पाहिला, टोपी पाहिली. तोच महाराज आतून आले आणि आरसा व कन्या यांचे मध्ये, आरशाकडे पाठ करून उभे राहिले. कन्या म्हणाली, "बाबा, दिसत नाहीये मला." महाराज तिच्या मुखाकडे पाहत होते. ते म्हणाले, "मला दिसतंय. वळ बघू." कन्या वळली. खांद्याशी एक दोरा सुटला होता, तो महाराजांनी तोडिला आणि वाट सोडिली.

एवढी हकीकत. पाहणी पार पडली, कन्येचे नाव पथकात राहिले. आरसा दक्षिणेच्या भिंतीस आहे, गिरणी चालू असता किंचित थरथरतो. सुतळी दारामागे खिळ्यास आहे, तीस आता दोन गाठी.